फुकट नाटकाचे पत्ते

"महाराज, घात झाला! अंगणात एक माणूस शिरलाय!"

रंगमंचावरचा सोंगाड्या एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातला कोहळ्याचा चहा अर्धा गुडघ्यावर सांडला. मी मागे वळून पाहिलं. मागे देव होता, उदबत्त्या होत्या, पायरीवर झोपलेलं मांजर होतं. माणूस म्हणावं असं त्या अख्ख्या अंगणात कुणी असेल तर ती मीच — डोक्यावर गवती टोपी आणि बुडाखाली घरून आणलेलं लाल प्लास्टिकचं स्टूल.

आमच्याकडे तैवानात देवळापुढचं नाटक देवासाठी असतं. रंगमंचाचं तोंड गाभाऱ्याकडे. मधल्या जागेत माणसं बसली तर बसली, नाही बसली तरी नाटक होतंच. त्यामुळे नटांना रिकाम्या अंगणाची सवय झालेली असते. माणूस दिसला की तेच दचकतात.

"माणूस आहे की भूत, विचारून ये," सिंहासनावरचे महाराज दाढीवरून हात फिरवत म्हणाले. महाराज म्हणजे बाईच. आमच्या नाटकांत राजे नि राजपुत्र बायकाच करतात.

सोंगाड्या टुणटुण उड्या मारत कडेला आला आणि उकिडवा बसला. नाकावर चुन्यासारखा पांढरा चौकोन, आणि वर दोन खट्याळ डोळे.

"बाई, वाट चुकलात का? बस पलीकडच्या रस्त्याला थांबते."

"चुकले नाही. नाटक बघायला आलेय."

"ऐकलंत महाराज? वेडी आहे बिचारी!"

मला इतकं हसू आलं की टोपी खाली पडली. आणि मी हसले तशी... त्याची जीभ क्षणभर अडखळली. आमच्या दुपारच्या नाटकांना लिहिलेली वाक्यं नसतात. जेवण झालं की मंडळीची मालकीण सगळ्यांना गोष्ट सांगते, पुढचं ज्याचं त्याने तिथल्या तिथे रचायचं. अशा मंडळीतला सोंगाड्या गप्प झाला म्हणजे काहीतरी झालंच म्हणायचं. मी ते बरोबर टिपून ठेवलं.

नाटक संपल्यावर तो अर्धवट पुसलेल्या तोंडाने माझ्यापाशी आला.

"सरकारी आहेस?"

"नाही."

"वर्तमानपत्रातली?"

"तीही नाही. मी पत्ते विकते."

"कसले पत्ते?"

"तुमच्या नाटकांचे. कुठल्या देवळात, कुठल्या दिवशी, कुठली मंडळी. दर महिन्याला सगळं गोळा करते, निवडते आणि ऑनलाइन वर्गणीदारांना पाठवते."

त्याला दोन वेळा सांगावं लागलं. मग तो कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून हसायला लागला. "आई, इकडे ये गं! ही फुकटच्या नाटकाचे पत्ते पैसे घेऊन विकते! आणि लोक देतात म्हणे!"

"देतात," मी ठसक्यात म्हटलं. "महिन्याला एका जेवणाच्या डब्याएवढे."

हसू देत. माझी स्वतःची आई तीन वर्षं यालाच हसतेय. तायपेईतली नोकरी सोडून मी तैनानला परत आले तेव्हा तिने शेजारपाजारी सांगितलं होतं की पोरगी आजारी आहे. पण देवळांच्या तारखा कुठेही एकत्र मिळत नाहीत. विजेच्या खांबावर चिकटवलेला लाल कागद पहिल्या सरीत भिजून गळतो. खरी माहिती असते देवळाच्या झाडूवालीकडे, प्रसादाच्या स्वयंपाकातल्या मावश्यांकडे आणि रंगमंच वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्यांकडे. त्यांच्याशी गोड बोलायचं, प्रत्येक देवळाला दोनदा फोन करायचा. शिवाय सावली कुठल्या बाजूला येते, देवांना नमन संपून खरी गोष्ट कधी सुरू होते, शेवटची बस कितीला, माशाची पेज कुठे चांगली मिळते, हे सगळं मी लिहिते. कावशुंगचे निवृत्त शू मास्तर तर म्हणतात की माझा अंक आला की ते आधी पेजेचं वाचतात.

"नाव काय तुझं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"रो-यून. तुझं?"

"छुन-शेंग. सगळे आ-शेंग म्हणतात. उद्या कुठे असशील?"

"वर्गणी भर, कळेल."

"छे! फुकट गोष्टीला पैसे आमच्या घराण्यात कुणी मोजले नाहीत."

"मग बस शोधत."

त्याला शोधावं लागलं नाही, कारण त्याच्या छुन-हो मंडळीचा तंबू जिथे, तिथे माझं लाल स्टूल! मी स्वतःला सांगायचे, कामासाठी जातेय. कामासाठी जाणारी मुलगी प्रत्येक वेळी केस धुऊन जात नाही, हेही मला कळत होतं.

रंगमंचावरून तो मला सोडायचा नाही. "महाराज, ती लाल स्टुलावरची राजकन्या आज पिवळ्या झग्यात आलीय, युद्ध उद्यावर ढकलू या!" महाराज म्हणजे त्याची आई यूए-नू, ती तलवारीची मूठ त्याच्या डोक्यात हाणायची, "गाढवा, शत्रू दारात आलाय!" आणि मी टोपीआड लाल व्हायचे.

पण रंग उतरला की गडी मुका! शेंगदाण्याच्या वड्यांची पुडी माझ्या हातात ठेवायचा आणि आभाळाकडे बघत राहायचा.

"ढग आलेत."

"दिसतंय."

"...पाऊस येईल."

"येईल की."

एकदा मी वैतागून म्हटलं, "वर एवढं बोलतोस, इथे काय होतं तुला?"

"वर बोललेलं ऐकतेस ना?"

"ऐकते. पण धरत नाही. सोंगाड्याचं बोलणं खरं कोण मानतं?"

तो काहीतरी बोलणार होता. मग वडीचा मोठा तुकडा तोंडात कोंबून चावत बसला.

उन्हाळा चढला तशी एका दुपारी मला खरी गोष्ट कळली. ट्रकच्या सावलीत यूए-नू मावशी दाढी काढून वारा घेत बसली होती. समुद्राकाठच्या हाय-वेई गावातल्या वांगये देवाचा उत्सव तिच्या आईच्या काळापासून छुन-हो मंडळीकडे होता. तेवढा एक उत्सव हातात आहे म्हणून बाकीची देवळं बोलावत. आता देवळाचे अध्यक्ष लियाओ आजोबा म्हणत होते की अंगण रिकामंच राहतं, तर पुढच्या वर्षीपासून पडदा लावून सिनेमा दाखवू. यंदाही माणसं आली नाहीत तर उत्सव संपल्यावर ते देवाचा कौल घेणार होते.

"मग?" मी विचारलं.

"मग ट्रक विकायचा," मावशी म्हणाली. "मी राजा झाले पुष्कळ, आता घरी बसेन. हा संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात जाईल. मामाने सांगून ठेवलंय."

"यंत्रांना विनोद सांगेन," आ-शेंग म्हणाला. नाकावर रंग नव्हता, आणि तो हसतही नव्हता. मला फार वाईट वाटलं. नाकावर तो पांढरा चौकोन नसलेला हा माणूस आपल्याला किती हवाय, ते त्या क्षणी मला लख्ख कळलं.

मी घरी आले आणि सहाव्या महिन्याचा अख्खा अंक हाय-वेईवर लिहिला. यूए-नू मावशी राजा होऊन चालते तेव्हा खांदा कसा पडतो, सोंगाड्याची जीभ कशी पळते, सगळं लिहिलं. सहाव्या महिन्याची अठरावी तिथी, देवाचा वाढदिवस, दुपारी या, स्टूल आणा. त्या वर्षी पंचांगात सहावा महिना दोनदा आला होता. वाढदिवस नेहमी दोघांतल्या पहिल्या महिन्यात करतात, दुसरा अधिकाचा, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. मी तर ऐटीत टीपही जोडली: 'अधिक महिन्यात जाऊ नका, देव वर्षातून दोनदा म्हातारा होत नाही.' वर्गणीदारांना ती इतकी आवडली की त्यांनी ओळखीपाळखीत अंक पाठवून दिला.

एरवी प्रत्येक देवळाला मी दोनदा फोन करते. हाय-वेईला एकदाही केला नाही.

अठराव्या तिथीला पोचले तर देऊळच दिसेना. बांबूंची परांची, त्यावर हिरवी जाळी, खाली कौलांचे ढीग. रंगमंच नाही, ट्रक नाही, उदबत्तीवाला नाही. आणि मागून माणसं येत होती! बसमधून, गाड्यांतून, स्कूटरवरून. मावश्या राजासाठी फुलांचे हार घेऊन, विद्यार्थी कॅमेरे घेऊन, आणि सगळ्यांच्या हातात स्टुलं.

"रो-यून," शू मास्तरांनी चष्मा वर केला, "रंगमंच कुठल्या बाजूला म्हणालीस?"

जाळीआडून बनियनवर धूळ झटकत लियाओ आजोबा बाहेर आले आणि गर्दी बघून जागच्या जागी थांबले.

"हे काय? कुणी मेलंबिलं की काय?"

"आजोबा... आज उत्सव ना?"

"अगं पोरी, छप्पर गळतंय! देवाला विचारून उत्सव दुसऱ्या सहाव्या महिन्यात ढकलला. सगळ्या गावाला माहीत आहे. एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

तीन वर्षं जमवलेला लोकांचा विश्वास आणि आ-शेंगचं भरलेलं अंगण, दोन्ही एकाच दुपारी चालले होते. पुढच्या महिन्यात ही माणसं कशाला परत येतील? मी स्टुलावर चढले आणि सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, वर्गणी परत करते. मग खाली उतरून आ-शेंगला फोन लावला.

"तारीख पुढे गेली हे मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल! तुला सगळं माहीत असतं. का गं? रडतेस?"

"मी आजचीच तारीख छापली. माणसं आलीत इथे."

"किती?"

"अंगण भरलंय, आ-शेंग."

पलीकडून एकदम, "अंगण... भरलंय?" आणि फोन तसाच चालू ठेवून तो बोंबलत पळाला, "आई! ए आई! दाढी काढ पेटाऱ्यातून! हाय-वेईचं अंगण भरलंय!"

उत्सव पुढे गेल्यामुळे मंडळी त्या दिवशी रिकामीच बसली होती. ट्रक वाजत-गाजत आला तेव्हा मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. पण लियाओ आजोबा त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"देवाने पुढची तारीख दिलीय. त्याला न विचारता इथे ढोल वाजणार नाही."

"मग विचारा ना," यूए-नू मावशी म्हणाली.

"मी का? घोळ घातला हिने, विचारेल ही."

झालं! परांचीखालून वाकत मी देवापुढे गेले. देवाच्या काळ्या चेहऱ्यावर धुळीसाठी पातळ फडकं टाकलं होतं. कौलाचे ते चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे मी ओंजळीत घेतले. एक उताणा नि एक पालथा पडला तर देवाचा हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडले तर देव हसला. मोठ्या गोष्टीला हो ओळीने तीन वेळा यावा लागतो. रीतीप्रमाणे मी नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता सांगितला. तीन वर्षं लोकांना पत्ते विकणाऱ्या मला माझाच पत्ता धड आठवेना.

"देवा, आज नाटक करू का?"

खडखड. दोन्ही उताणे.

"हसला," आजोबा म्हणाले. "प्रश्न नीट नाही. काहीतरी लपवतेस."

"देवा, मी फोन केला नाही, माझं चुकलं. आज नाटक करू का?"

पुन्हा दोन्ही उताणे. दारात दाटलेली गर्दी खुदखुदली.

"चुकलं ते त्याला दिसतंय गं," मागून यूए-नू मावशीचा राजाचा आवाज आला. "का चुकलं ते सांग. आम्हालाही कळू दे."

तिला कळलेलं होतं. सगळं कळलेलं होतं! माझे कान तापले. मी डोळे घट्ट मिटले आणि एका दमात बोलून टाकलं.

"कारण बाकी देवळांचं लिहिताना मी देवाचा विचार करते. तुझं लिहिताना तू आठवलाच नाहीस. आठवत होता तो... पांढऱ्या नाकाचा. अंगण भरल्यावर त्याचं तोंड कसं दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला तो आवडतो. त्याने कारखान्यात जाऊ नये. झालं, सांगितलं! आता करू का नाटक?"

एक उताणा, एक पालथा.

कुणीतरी किंचाळलं. मी पुन्हा टाकले. हो! तिसऱ्यांदा एक तुकडा गरगरत परांचीच्या बांबूला जाऊन आपटला, लोळला, आणि सगळ्यांचे श्वास अडकवून पालथा पडला. दुसरा केव्हाच उताणा पडला होता. आरोळी अशी उठली की वरच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मी वळले. दारात आ-शेंग उभा होता. घाईत नाकापुरताच रंग लावलेला, आणि बाकीचं तोंड लालेलाल.

मग काय विचारता! ट्रकची बाजू खाली आली आणि रंगमंच उघडला. यूए-नू मावशीने चाकाशी उभं राहून चार वाक्यांत गोष्ट सांगितली: राजाच्या वाढदिवसाचे पाहुणे महिनाभर आधीच येऊन धडकतात. बस्स. आ-शेंग झाला राजाचा कारभारी. घरात तांदूळ नाही, छप्पर नाही, आणि पाहुणे हार घेऊन दारात! "महाराज, आमंत्रण जिने लिहिलं तिची मान मारा!" आणि लगेच तोच हात जोडून, "मारू नका महाराज, तिने पेजेचं बरोबर लिहिलं होतं!" शू मास्तर हसून हसून स्टुलावरून खाली आले. मधेच आभाळ फाटलं आणि समुद्रावरून टपोरा पाऊस आला. एक माणूस घरी गेला नाही. निम्मे परांचीखाली सरकले, निम्मे छत्र्या उघडून बसून राहिले, आणि मास्तर ढोलवाल्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. वर्गणी परत देण्याचं मी पुन्हा काढलं तर माझ्यावरच डाफरले, "परत कसली? चुकलेल्या दिवशी हे, तर बरोबर दिवशी काय असेल! मी पुढच्या महिन्यात भावांना घेऊन येणार."

एकच गोष्ट मनाला लागत होती. अख्ख्या नाटकात आ-शेंगने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. देवासमोर, चारचौघांत मी बोलून बसले होते. आणि तो?

नाटक संपलं तेव्हा लियाओ आजोबा भिजलेल्या बनियनमध्येच देवापुढे गेले. "देवा, पुढच्या वर्षी पडदा लावू?" दोन्ही पालथे. "मग छुन-हो मंडळीच राहू दे?" हो, हो, आणि तिसऱ्यांदाही हो! आजोबांनी तुकडे उचलून कपाळाला लावले. "यंदा देवाचे दोन वाढदिवस," ते म्हणाले, "दोन्ही तुमचेच, बाई." यूए-नू मावशी राजाच्या वेषात ढसाढसा रडली आणि दाढीनेच डोळे पुसले. मावश्यांनी तिला हारांनी असं मढवलं की राजा दिसेनासा झाला.

मी माझं लाल स्टूल उलटं करून त्यातलं पाणी काढत होते. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. आ-शेंग. तोंड स्वच्छ धुतलेलं, केसांतून पाणी टपकत होतं. नाकावर पांढऱ्याचा लवलेशही नव्हता.

"ढग गेले," तो म्हणाला.

"दिसतंय."

"...ऊन पडलं."

"पडलं की." मी स्टूल काखोटीला मारलं. "जाते मी."

"थांब! वरून बोललो असतो गं. चांगलं सुचत होतं वर. पण तू धरलं नसतंस. म्हणून तोंड धुऊन आलो."

"मग बोल ना."

त्याने आभाळाकडे पाहिलं, मग प्रयत्न करून माझ्याकडे पाहिलं. "मलाही तू... म्हणजे पहिल्या दिवसापासूनच. 'घात झाला' म्हणून ओरडलो होतो ना, तो खरोखरच झाला होता."

मला हसू आलं, आणि रडूही. त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"आणि मी वर्गणी भरली. आत्ता, ट्रकमागे. अख्ख्या वर्षाची."

"तू? फुकट गोष्टीला?"

"घराण्याचं नाव घालवलं. आता तरी सांग. उद्या कुठे असशील?"

मी स्टूल त्याच्या हातात दिलं आणि त्याचा दुसरा हात माझ्या हातात घेतला. तो शेंगदाण्याच्या वडीने चिकट झाला होता.

"तू असशील तिथे," मी म्हटलं. "आणि हा पत्ता मी कुणालाही विकत नाही."